कुसुमचं पांढरं घर

भनपुरीच्या त्या गल्लीत कुणाच्या घराला रंग द्यायचा निघाला, की माणसं आधी रंगाच्या दुकानात जात नसत, किन्हीकरांकडे जात. किन्हीकर म्हणजे श्रीपाद किन्हीकर, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातले फिटर. पण त्यांना कुणी काही विचारत नसे. विचारलं असतं तर त्यांनी अख्ख्या रायपूरला मालगाडीच्या डब्यांचा तांबडा फासला असता, कारण त्यांना तोच एक रंग ठाऊक होता आणि तो टिकतो एवढंच त्यांना कळत होतं. लोक यायचे ते त्यांच्या बायकोकडे, सुनीतीकडे.

सुनीती पुलगावची, मॅट्रिक झालेली. रंगाचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण डोळा असा होता की साडीच्या दुकानातला मालक तिलाच विचारायचा, दीदी, या काठावर कोणतं ब्लाउज जाईल. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि जो तो घर बांधायला नाहीतर असलेल्या घरावर मजला चढवायला लागला. पूर्वी चुना, पिवडी आणि नीळ एवढ्यात भागायचं. आता दुकानांतून हजार रंगांची कार्डं मिळू लागली, यंत्रातून हवा तो रंग कालवून मिळू लागला, आणि माणसांची मती गुंग झाली. सुनीतीची चलती झाली ती तेव्हापासून.

कार्डाला काय विचारता, भिंतीला विचारा, असं ती सांगायची. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंग लावून तो भिंतीशी टेकवायचा, सकाळी पाहायचा, भर दुपारी पाहायचा, दिवा लावल्यावर पाहायचा, मगच डबा आणायचा. पश्चिमेच्या खोलीला पिवळा नको, उन्हाळ्यात अंगावर येतो. बैठकीला पिस्ता नको, आलेला पाहुणा आजारी दिसतो. जमिनीपासून हातभर गडद पट्टी हवीच, नाहीतर फरशी पुसणारी बाई महिनाभरात भिंतीची रया घालवते. हे सगळं ती चहाच्या एका कपावर सांगायची. तिला त्यात सुख होतं आणि थोडा तोराही होता. नाही कशाला म्हणा.

अशा या बाईनं आयुष्यात एकाच घराला जाणूनबुजून खोटा रंग सांगितला. एकाच. पण तेवढ्यानं तिचं जे व्हायचं ते झालं.

भनपुरीत राहायचं तर आधी एक गोष्ट कळावी लागते. अलीकडे उरला गाव, पलीकडे सिलतरा, दोन्हीकडे लोखंडाचे कारखाने. उन्हाळ्यात फार काही जाणवत नाही, पावसाळ्यात सगळं धुऊन निघतं. पण दिवाळी सरली की वारा उत्तरेचा होतो आणि सोबत बारीक काळी बुकणी घेऊन येतो. घरातल्या घरात अनवाणी चाललं तरी टाचा काळ्या होतात. दोरीवरचं बनियन उतरवताना आधी झटकावं लागतं, तुळशीचं पान तोडायच्या आधी पुसावं लागतं.

किन्हीकरांनी शहाण्णव साली इथं घर बांधलं तेव्हा सुनीतीलाही हे ठाऊक नव्हतं. तिनं हौसेनं घर बाहेरून मोतिया पांढरं करून घेतलं होतं. पहिल्याच संक्रांतीला त्या घराची कोळशाची वखार झाली, आणि सुनीती मोरीत नळ सोडून रडली. पुढच्या खेपेला तिनं आणि बुधारू पेंटरनं मिळून एक रंग कालवला. ओल्या मातीत राख मिसळावी तसा तो दिसायचा. त्यावर बुकणी बसली काय आणि उडाली काय, कळत नसे. बाहेर हा मातकट रंग, आणि आत मात्र तिनं सगळी हौस फेडून घेतली होती. बैठक कोवळ्या हळदीची, स्वयंपाकघर कैरीचं, देवाचा कोनाडा मोरपंखी. बाहेरचा रंग हीच खरी आपली अक्कल, असं ती मनात म्हणायची. पण बाहेरच्या रंगाचं कौतुक कधी कुणी केलं नाही.

कुसुम टेंभेकर रायपुरात आली ती नव्या राज्याबरोबर. तिचे यजमान रामकृष्ण भोपाळला मंत्रालयात बाबू होते. राज्याची वाटणी झाली तशी बाबू लोकांचीही झाली आणि ते छत्तीसगडच्या वाट्याला आले. बायको, लहान मुलगी आणि आई गोदावरीबाई यांना घेऊन ते तात्यापाऱ्यात, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत, भाड्यानं राहू लागले. मराठी मंडळाच्या गणपतीत कुसुम आणि सुनीतीची ओळख झाली. कुसुमचं माहेर आर्वी. पुलगावहून आर्वीला छोटी गाडी जायची, त्या एका गाडीच्या दोन टोकांच्या या दोघी. मग काय विचारता. कुसुम दहा-बारा वर्षांनी धाकटी. ती सुनीतीला वहिनी म्हणू लागली आणि तिच्या मागं मागं फिरू लागली. भनपुरीत आमच्या गल्लीत जागा आहे, घ्या, हेही सुनीतीनंच सांगितलं. किन्हीकरांच्या समोरच्या अंगाला, दोन घरं सोडून, टेंभेकरांचं घर उभं राहू लागलं.

चैत्राच्या हळदीकुंकवाला सुनीतीकडे वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. कुसुम पहिल्यांदाच या घरात सगळीकडे फिरत होती, प्रत्येक भिंतीपाशी थांबत होती. बैठकीत येऊन ती सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "वहिनी, आतून घर कसं देवघरावानी ठेवलं, अन् बाहेरून गोदामावानी काहून?"

बायका खळखळून हसल्या. सुनीतीही हसली आणि आंब्याची डाळ वाढायला आत गेली. कुसुमच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तिला जे दिसलं ते ती बोलली. एवढंच सांगायचं होतं की बाई गं, इथं थांब आणि एक हिवाळा काढ, मग कळेल काहून. ते एक वाक्य सुनीतीच्या तोंडून निघालं नाही. ज्या अकलेचा तिला एवढा अभिमान, त्या अकलेलाच सगळ्यांनी हसून घेतलं होतं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. माणसाला शिवी पचते, पण आपल्या गुणाला कुणी हसलेलं पचत नाही.

आणि चारच दिवसांनी कुसुम रंगांचं कार्ड घेऊन दारात हजर. अक्षय तृतीयेला वास्तुशांत ठरली होती, गिलावा वाळला होता. आतल्या खोल्यांचं सगळं ठरवून झालं. आतलं सुनीतीनं जीव ओतून सांगितलं. मुलीच्या खोलीला कोणता, गोदावरीबाईंच्या डोळ्यांना कोणता सोसेल, सगळं. मग कुसुम म्हणाली की बाहेरून बुधारूभैया विटकरी घ्या म्हणतात, मला तर काही सुचत नाही, तुम्ही सांगाल तो.

सुनीतीनं कार्ड हातात घेतलं. बोट विटकरीवर गेलंही होतं.

"पांढरा," ती म्हणाली. "शुभ्र पांढरा दे. एवढं मोठं अंगण, उत्तरेचं तोंड, त्याले पांढराच शोभते. अन् खिडक्यांच्या चौकटी निळ्या."

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की तो रंग खरोखरच शोभला असता. आर्वीला, पुलगावला, तात्यापाऱ्यातसुद्धा. खोटं सांगतानाही तिच्या डोळ्यासमोर घर उभं राहिलं आणि ते सुरेख दिसत होतं. कुसुमचा चेहरा उजळला. ती निघाली तेव्हा सुनीतीनं तिला फाटकाशी थांबवून आणखी एक सांगितलं: माझं नाव कोणाला सांगू नको, तुझं घर आहे, तुझीच पसंत म्हण. कुसुमला वाटलं, केवढं मोठं मन. चोराच्या मनात चांदणं असतं ते तिला कुठून दिसणार.

दुसऱ्या दिवशी बुधारू आला. हा बुधारू जवळच्याच वस्तीत राहणारा, तीस वर्षं भनपुरीच्या भिंती रंगवत आलेला माणूस. सायकल फाटकाला टेकवून तो म्हणाला, "दीदी, ए डहर सफेद नइ टिकय. आप तो जानत हव." या बाजूला पांढरा टिकत नाही, तुम्हाला तर ठाऊक आहे. टेंभेकर बाई ऐकत नाहीत, तुम्ही एकदा सांगा, तुमचं ऐकतील, असं त्याचं म्हणणं.

देवानं दुसरी संधी दिली म्हणतात ती अशी सायकलवरून आली होती. सुनीतीला एवढंच करायचं होतं की चपला घालून रस्ता ओलांडायचा. ती म्हणाली, त्यांचं घर आहे भैया, त्यांची पसंत. बुधारूनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातानं रंगवलेल्या तिच्या मातकट भिंतीकडे पाहिलं, आणि ‘हव’, म्हणजे बरं, म्हणून निघून गेला. पहिलं खोटं रागात गेलं, असं तरी ती स्वतःला सांगू शकत होती. हे दुसरं थंड डोक्यानं झालं होतं.

वास्तुशांतीला घर असं दिसत होतं की रस्त्यानं जाणारे ट्रकवालेही मान वळवत. जो येई तो कुसुमच्या पसंतीचं कौतुक करी. रामकृष्ण शिष्ट माणूस, पण तेही चार लोकांत म्हणाले की सगळं हिनंच ठरवलं. गोदावरीबाई सुनेला चांगलं म्हणायची सवय नसलेल्या; त्यासुद्धा अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि बरं दिसून राहिलं म्हणाल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, कुसुमनं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तिनं लांबून सुनीतीकडे पाहून हळूच हात जोडले. सुनीतीच्या पानातली पुरणपोळी तशीच राहिली. श्रीपादरावांनी विचारलं, तब्येत बरी नाही का, तर ती म्हणाली ऊन लागलं.

मग पावसाळा आला. घर रोज धुतल्यासारखं दिसे. सुनीती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघे आणि तिला वाटे, कोण जाणे, ह्या वर्षी वाराच फिरला नाही तर. कारखान्यांना काही अक्कल आली तर. माणूस स्वतः करायचं ते सोडून वाऱ्याला साकडं घालतो, त्यातली गत. अजून सांगता येण्यासारखं होतं. दसऱ्याच्या आत दुसऱ्या रंगाचा हात मारला असता तर निभावलं असतं. ती दोनदा निघालीसुद्धा. पण सांगायचं तर एप्रिलमध्ये का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं, आणि दोन्ही वेळा ती फाटकापासून परतली. त्या काळात तिच्याकडे कुणी रंग विचारायला आलं तर ती सांगे, पण सांगताना तिची जीभ अडखळायची.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत गच्चीच्या कठड्याखाली काळे ओघळ दिसू लागले. मग खिडक्यांच्या वर भुवया आल्या. डिसेंबर संपता संपता निळ्या चौकटी कोणत्या आणि काळ्या कोणत्या हे ओळखू येईना. कुसुमला आधी वाटलं की आपणच झाडलोट कमी करतो. ती सकाळी मुलीला शाळेत धाडून नळाला पाइप लावून भिंत धुवायची. पाण्यानं बुकणी खाली उतरून आणखी पसरायची. मग ती स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं पुसू लागली. हाताला पोहोचेल तेवढा पट्टा पांढरा, त्याच्यावर काळं. घरानं अर्धी अंघोळ करून मध्येच उठावं तसं ते दिसे. सुनीती आपल्या खिडकीतून हे रोज बघत होती. तिनं खिडकीला पडदा लावला, पण स्टूल सरकवल्याचा आवाज पडद्यानं कुठं अडतो.

आणि गोदावरीबाईंचं तोंड सुरू झालं. सकाळचा चहा, दुपारचं जेवण, आलागेला, सगळ्यांना त्या घर दाखवायच्या. रामकृष्ण काही बोलत नसत, पण वास्तुशांतीला जे चार लोकांत बोलले ते पुन्हा बोलेनासे झाले.

संक्रांतीचं हळदीकुंकू कुसुमनं नव्या घरात ठेवलं. नव्या घरातलं पहिलं, टाळता येण्यासारखं नव्हतं. गल्लीतल्या आणि तात्यापाऱ्यातल्या बायका रीतीप्रमाणे काळ्या साड्या नेसून आल्या. सुनीतीही नेसली होती. सगळ्या बैठकीत बसल्या, तिळगूळ झाला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून गोदावरीबाई म्हणाल्या, "बायाइनं तर नेसलंच, आमच्या घरानं बी संक्रांतीचं काळं नेसलं. सणाले कसं शोभून राहिलं पहा."

बायका हसल्या. हसू आवरण्यासारखं नव्हतंच. कुसुमही वाण वाटता वाटता ओठ ताणून हसली. मग कुणीतरी सहज विचारलं, की ह्या भागात पांढरा द्यायचा हे सुचवलं तरी कोणी. गोदावरीबाई म्हणाल्या, तेच तर, कोणाची अक्कल ते विचारा आमच्या सूनबाईला.

कुसुम तेव्हा सुनीतीच्या समोरच उभी होती, हातात स्टीलच्या गाळण्या घेऊन. तिनं सुनीतीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

"माझीच, आई," ती म्हणाली. "मलेच हौस होती."

सुनीतीच्या ओंजळीत गाळणी पडली. तोंडात तिळगूळ होता, तो विरघळेना. तिनं तोंड उघडायला हवं होतं. तेवढं एकच काम होतं त्या वेळी जगात. ती मूग गिळून बसली, हळदीकुंकू लावून घेतलं आणि सगळ्यांबरोबर उठली. घरी आल्यावर तिनं साडी न बदलताच श्रीपादरावांना सगळं सांगितलं, एप्रिलपासूनचं. ते चपला काढत होते ते तसेच थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, "मले काहून सांगून राहिली? तिले सांग." आणि हातपाय धुवायला गेले.

सांगायला तिला आणखी चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दुपारी गोदावरीबाई झोपल्या असतील अशा वेळी ती गेली. कुसुम बाजूच्या भिंतीला स्टुलावर उभी होती, खाली बादली. सुनीतीनं दुसरं फडकं घेतलं, पिळलं आणि खालच्या अंगाला पुसायला लागली. कुसुमनं नको नको म्हटलं. दोघी थोडा वेळ पुसत होत्या. बादलीतलं पाणी दोनदा बदलावं लागलं.

मग कुसुमच बोलली. आई बोलतात ते तुम्ही मनावर घेऊ नका वहिनी, तुमचं नाव मी येऊ दिलं नाही, असं ती म्हणाली. तुम्ही तर चांगल्या मनानं सांगितलं होतं; कारखान्यांचा धूर एका वर्षात एवढा वाढेल हे तुम्हाला तरी काय माहीत. सुनीतीसाठी तिनं सबबसुद्धा शोधून ठेवली होती. ती नुसती उचलून घ्यायची होती.

"मले माहीत होतं," सुनीती म्हणाली.

कुसुमचा हात थांबला नाही. तिला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"माहीत होतं कुसुम. आठ वर्षं इथं राहून राहिली मी. माझंबी घर पहिल्या साली असंच काळं झालं होतं. बुधारू मले सांगायले आला होता, त्याले मी परत धाडलं. मी जाणून तुले पांढरा सांगितला."

आता ती थांबली. स्टुलावरून उतरली, फडकं बादलीच्या काठावर ठेवलं, आणि विचारलं, काहून. सुनीतीनं सांगितलं. चैत्राचं हळदीकुंकू, बायकांचं हसणं, गोदाम. सांगताना ते एवढंसं वाटत होतं की तिला स्वतःचीच शिसारी आली. कुसुम आठवायचा प्रयत्न करत होती. तिच्या कपाळावर आठी पडली, पण ते वाक्य तिला काही केल्या आठवेना.

"मी असं म्हटलं होतं?" ती म्हणाली. "म्हटलं असन. बोलून जाते मी." मग तिचे डोळे भरले. "मंग तवाच दोन थापडा माऱ्याच्या होत्या ना वहिनी. मी खाल्ल्या असत्या. घराले काहून मारलं?"

 सुनीती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिचा हात काळा झाला. आत्ता उठवते तुझ्या सासूबाईंना, ती म्हणाली. त्यांना सांगते, रामकृष्णभाऊंना सांगते, त्या दिवशी ज्या ज्या बायका होत्या त्यांच्या घरी जाऊन सांगते. ती खरंच दाराकडे वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं होतं. कुसुमनं ओल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"नका सांगू," ती म्हणाली. "आता मी चुकली असं म्हणतात सगळे. चुकलेल्या बाईले माफी असते घरात, आज ना उद्या. पण दुसऱ्यानं बनवलं अन् बनली, असं कळलं तं मले जिंदगीभर कोणी काही विचारणार नाही. चूक तेवढी माझी राहू द्या."

ज्या मौनानं सुनीतीनं तिला बुडवलं होतं, तेच आता पाळायचं होतं, आणि ते कुसुमच्या भल्यासाठी. सांगून मोकळं होणं एवढंच तिच्या हातात उरलं होतं, तेही गेलं. कुसुम पुन्हा स्टुलावर चढली. सुनीती थांबली, तर ती म्हणाली, जा वहिनी, चहाची वेळ झाली, श्रीपादभाऊ येतील. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढं कुसुम बदलली असं कुणी म्हणू शकलं नसतं. सणाला ती पहिली येई, वाकून नमस्कार करी, लोणचं घातलं की बरणी आणून देई. तात्यापाऱ्यातली लता पांडे घर रंगवायला निघाली तेव्हा कुसुमनंच तिला सांगितलं, वहिनीले विचारा, त्यांच्यावानी नजर कोणाची नाही. लता हे सांगत सांगतच सुनीतीच्या दारात आली. सुनीतीनं तिला तीनदा भिंती दाखवायला लावल्या, चार पुठ्ठे रंगवून घेतले, आणि शेवटी बुधारूला विचारून मगच काय ते सांगितलं. गल्लीला वाटलं, वहिनींचं वय झालं, आता पहिल्यासारखा भरवसा उरला नाही. कुसुमनं मात्र स्वतःसाठी कधी काही विचारलं नाही. पडदे घेतले, सोफ्याचं कापड बदललं, मुलीच्या खोलीला नवा रंग दिला. हे सगळं सुनीतीला झाल्यावर दिसलं. बघायला बोलावलं तर ती जाई आणि छान म्हणून येई.

दोन वर्षांनी टेंभेकरांनी घर बाहेरून पुन्हा रंगवायला काढलं. ऐन वैशाख होता. सुनीतीला कळलं ते शिडी लागल्यावर. कुसुमनं रंग स्वतः निवडला होता. खजुरासारखा तपकिरी, आणि खिडक्यांना मळकट दुधी. सुनीतीनं फाटकातून पाहिलं आणि तिला मनापासून बरं वाटलं. रंग चांगला होता. तिनं निवडला असता तरी याच्या आसपासचाच निवडला असता.

पण खाली जमिनीलगत बुधारूनं तोच तपकिरी थेट पायथ्यापर्यंत उतरवला होता. समोरची गल्ली कच्ची, ट्रक जायचे. पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे हातभर उडणार, आणि लाल मातीचा डाग तपकिरीवर सुकला की कोडासारखा दिसतो. गडद पट्टी हवी होती. आज मारली तर मारली, शिडी निघाली की राहिलं. सुनीती फाटकाची कडी धरून उभी राहिली. एकदा गप्प राहून बघितलं होतं तिनं. यावेळी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला.

कुसुम अंगणातच होती. या वहिनी, म्हणाली, कसा वाटून राहिला रंग.

"चांगला आहे," सुनीती म्हणाली. "खाली तेवढी हातभर काळपट पट्टी मारून घे. पावसाचा चिखल उडते इकडं."

कुसुमनं तिच्याकडे पाहिलं. दोन पळं, फार तर तीन. तिच्या चेहऱ्यावर काही वाईट आलं नाही. ती फक्त विचार करत होती की हे खरं असेल का. सुनीतीला ते अगदी स्पष्ट दिसलं, आणि ती नजर खाली न घालता तशीच उभी राहिली, कारण ते बघणं तिचंच देणं होतं.

मग कुसुम वळली आणि शिडीकडे वर बघून तिनं विचारलं, "बुधारूभैया, दीदी बोल रही हैं नीचे डार्क पट्टी चाहिए. आप बताओ, चाहिए क्या?"

बुधारूनं ब्रश डब्यावर ठेवला, खाली पायथ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "हव," तो म्हणाला. "दीदी बने कहत हे."

बरोबर सांगतात म्हणाला. तेव्हा कुसुमनं मान डोलावली, मग मारून टाका म्हणाली, आणि सुनीतीला चहाला आत बोलावलं. सुनीती गेली. तिनं चहा घेतला, साखर कमी असूनही मागितली नाही, आणि कप स्वतः धुऊन ठेवून घरी आली.